ठासणारा

नववी 'ब'च्या पहिल्याच तासाला इतिहासाच्या सरांनी पुस्तक टेबलावर पालथं घातलं आणि विचारलं, "बंदुकीतून एक गोळी झाडली. दुसरी भरून झाडेपर्यंत किती वेळ जातो?" कुणाचाच हात वर गेला नाही. आमच्या लेखी लढाई म्हणजे सन, कारणे आणि परिणाम, पाच मार्कांचे. दोन गोळ्यांमधला वेळ कुठल्याही गाइडात नव्हता. साल होतं १९७४.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सरांनी आम्हाला मैदानावर थांबवलं. मॉनिटरच्या हातात शिपाईकाकांच्या झाडूचा दांडा दिला; ती तोड्याची बंदूक. माझ्या बाकावर बसणारा पावरा आदिवासी मित्र बोर्डिंगात राहायचा, सुट्टीहून येताना त्याने सरांच्या सांगण्यावरून घरचा तिरकमठा आणला होता. पूर्ण बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. समोर कडब्याची पेंढी उभी केली.

सर ओरडत होते आणि मॉनिटर हातवारे करत होता. नळीत दारू ओत. गोळी टाक. गज काढ, ठास. गज परत जागेवर. कानात रंजक घाल. तोडा फुंक, निखारा लाल कर. आता चाप ओढ! कान म्हणजे नळीच्या बुडाशी असलेलं छिद्र, रंजक म्हणजे तिथे घालायची पेटवण्याची बारीक दारू. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, ती लढाईभर धुमसत ठेवायची. आम्ही सगळे मिळून आकडे मोजत होतो. मॉनिटरची 'गोळी' सुटली तेव्हा आमचा आकडा पन्नाशीच्या पुढे गेला होता आणि पेंढीत पाच तीर होते. सहावा हेडसरांच्या सायकलच्या सीटमध्ये.

"हेडसरनी सायकल शे ना रे ती!" शिपाईकाका कपाळावर हात मारून खाली बसले. सरांनी तीर उपटला, सीट तळहाताने दाबून पाहिली आणि जणू काही घडलंच नाही अशा आवाजात पुढचा प्रश्न टाकला. मग लढायांत तीरवाले हरले ते कशामुळे?

उत्तर शोधायला आम्हाला आठवडा दिला. मित्राने मात्र तिथल्या तिथे सांगितलं. तो पाचव्या वर्षापासून तीर मारत होता, आणि मॉनिटर सकाळी शिकून दुपारी बंदूकवाला झाला होता. सरांनी त्याला पाच मार्क दिले, कुठे लिहिले ते ठाऊक नाही. बाकीचं त्यांनी सांगितलं. शिशाची गोळी चिलखताला जुमानत नाही. बंदूकवाल्यांच्या रांगा केल्या की एक रांग भरते तोवर दुसरी झाडते. आणि पाऊस आला की तोडा विझतो, तेव्हा तिरकमठा पुन्हा राजा. पुढे चकमकीची बंदूक आली, गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी. युरोपात ती आधी तोफखान्याच्या पहारेकऱ्यांना दिली, कारण दारूच्या पिंपांजवळ पेटती दोरी घेऊन फिरणारा शिपाई शत्रूपेक्षा घातक. त्यानंतर आली टोपीची बंदूक, आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीने उडणारी, तिला पावसाचंही भय उरलं नाही. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यातल्या आंबापाणीच्या डोंगरात खाज्या नाईकाचे भिल्ल तिरकमठे आणि तोड्याच्या बंदुका घेऊन इंग्रजांच्या पलटणीशी लढले. हे सांगताना सर मित्राकडे बघत नव्हते. तो खाली बघत होता.

सहल अर्थातच धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरच्या किल्ल्यावर. एसटीने गेलो, तापीच्या काठी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, खानदेशच्या फारुकी राजांच्या कबरी पाहिल्या. पण सर आम्हाला घेऊन बसले ते किल्ल्याच्या पडक्या दरवाजापाशी. २७ फेब्रुवारी १८१८. मंदसोरच्या तहात होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना सोडलेला, त्यांचा सेनापती हिस्लॉप याची फौज तोफा घेऊन समोर. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. आत किल्ला राखणारी अरब शिबंदी. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, काही इंग्रज अधिकारी आत शिरले, एकमेकांची भाषा कळेना, बोलाचाली झाली आणि जंबिये, म्हणजे अरबांचे खंजीर, बाहेर निघाले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडले. चिडलेल्या फौजेने सुमारे तीनशेची शिबंदी कापून काढली, किल्लेदाराला फाशी दिलं. सर दिंडीएवढ्या जागेत वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "इथे बंदूक फिरवायला जागा आहे का सांगा." नव्हती. एवढ्या तोफा आणल्या, आणि निर्णय हातभर पात्याने झाला. किल्लेदाराचा गुन्हा काय, हे मात्र त्यांनी आम्हाला विचारलं नाही, आणि ते का विचारलं नाही हे मला आजही कळत नाही.

नोकरी लागली ती वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात. आत काय चालतं ते फार लिहीत नाही, सवयच तशी. एवढंच सांगतो की पहिल्या दिवशी गेटवर खिशातली काडीपेटी जमा करून घेतली तेव्हा मला पिंपांजवळचा तोडेवाला आठवला आणि मी उगाच हसलो. सुरक्षा रक्षकाला ते आवडलं नाही. आणि ७.६२ मिलिमीटरचं रायफलचं काडतूस प्रथम हातात घेतलं तेव्हा मॉनिटरचे हातवारे आठवले. ५१ मिलिमीटरच्या पितळी केसमध्ये सगळी कवायत बंद केलेली. बुडाची कॅप म्हणजे कान आणि रंजक, पोटात मोजलेली दारू, तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. शिपायाने करायचं काहीच शिल्लक नाही.

सरांच्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका वैशाखात त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर खाटेवर बसले होते, दिसायला कमी झालं होतं. आवाजावरून ओळखलं, बॅचसुद्धा सांगितली. मग म्हणाले, "आता किती वेळ लागतो रे?"

"मोजता येत नाही सर. मिनिटाला सहाशेच्या पुढे."

"आणि ठासणारा कुठे गेला?"

"तो मी सर. वरणगावला."

ते हसले की नाही, सांगता येणार नाही. तेवढ्यात लाईट गेली.