धुऱ्यावरची बैठक

आज चर्चमधली उपासना झाल्यावर मंडळीतल्या काकांसोबत मंडळीतल्याच एका भावाच्या शेतावर गेलो. गावाचं नाव लिहीत नाही.

कापूस वेचणाऱ्या बायांना किलोमागे मजुरी मिळते आणि याच्या काट्यावर प्रत्येक गाठोडं कमी भरत होतं. रोजी जाईल म्हणून बाया गप्प. काका आधी एकटेच जाऊन बोलले होते, त्यानं ऐकलं नाही, म्हणून आज मला सोबत घेतलं. बायबलातल्या मत्तय 18 मध्ये येशूने हाच क्रम सांगितलाय: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मंडळीपुढे त्यानंतरच. आपल्याकडे उलटं होतं. अख्ख्या गावाला आधी कळतं, ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी. याचं मला फार वाईट वाटतं.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसूनच काकांनी विषय काढला. "बापा, तू आमचा हायेस म्हणून आलो. परका असता तर कायले आलो असतो?"

त्याचा आवाज चढला. काकांचा नाही चढला. त्यांनी बायबलातलं लेवीय 19 उघडून पुस्तक त्याच्याच हाती दिलं. शेजाऱ्याला त्याची चूक दाखव, त्याच्यावर प्रीती कर, वजनमाप खरं ठेव, हे सगळं त्या एकाच अध्यायात आहे. त्यानं कपाशीचे हात शर्टाला पुसले आणि वाचलं.

मग म्हणाला, "बायांले आता काय तोंड दाखवू?"

"मी येतो ना तुह्या संगं," काका म्हणाले.

फरकाचे पैसे बाजाराच्या दिवशी द्यायचं ठरलंय. हे लिहू का, असं त्याला विचारलं, तो हो म्हणाला. त्याच्यासाठी आणि त्या बायांसाठी प्रार्थना करा.