काया खोऱ्यातील मुक्काम : आमची वाटचाल

मराठी पर्यटकांना इस्तंबूल, कप्पाडोकिया आणि पामुक्काले एवढेच तुर्कस्तान विकले जात असताना, नैर्ऋत्येकडील फेतियेजवळच्या काया खोऱ्यात एक व्हिला हंगामभर भाड्याने घेऊन तेथूनच रोज एक सहल काढण्याची पद्धत आम्ही रुजवली, याचा मला आजही अभिमान आहे. या पद्धतीत रोज बॅगा भरणे नाही, हॉटेल बदलणे नाही आणि कमिशनच्या गालिचा-दुकानांत थांबणे तर मुळीच नाही.

आमचे पहिले भागीदार त्याच खोऱ्यातले एक मिनीबसचालक होते. साक्लिकेंत घळीसाठी त्यांच्या गाडीत मापानुसार जोडी जोडीने बांधलेले रबरी तळव्यांचे बूट, हेल्मेट, दोर आणि कोरड्या टॉवेलांची पेटी कायम असे. ही घळ सुमारे 18 किलोमीटर लांब आहे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी तेथे ऐन उन्हाळ्यातही पाय बधिर करते. सैल बूट प्रवाहात पायातून निघून जातो, म्हणून ते प्रत्येक पाहुण्याच्या पुढ्यात बसून नाडी स्वतः आवळत आणि टाच धरून एकदा ओढून पाहत. घळीत सकाळी लवकर, मग त्लोस या प्राचीन नगराची खडकात कोरलेली थडगी, आणि पाताऱ्याचा किनारा ऊन उतरल्यावर, हा क्रम आम्ही अनेक हंगाम पायी फिरून बसवला होता.

तोच क्रम एका मोठ्या कंपनीने उचलला. त्यांचा माणूस पाहुणा म्हणून आमच्या सहलीत आला, वेळा टिपून गेला आणि पुढच्या हंगामात त्यांच्या माहितीपत्रकात आमचा कार्यक्रम ओळीने ओळ छापून आला, तोही कमी दरात. एवढ्यावर न थांबता त्यांनी जादा भाडे देऊन आमचा व्हिलाही घेतला. आमच्याकडे पाहुण्यांच्या अनामत रकमा जमा होत्या आणि त्यांना उतरवायला घर नव्हते. 2020 मधल्या टाळेबंदीचा घाव सर्वांनीच सोसला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हा घाव मात्र मुद्दाम घातलेला होता. अनामत परत करण्यासाठी मला पुण्यातील कार्यालयाची जागा सोडावी लागली.

त्या वेळी नाशिकच्या एका निवृत्त इतिहास-शिक्षिकेने पैसे परत घेण्यास नकार दिला. “घर कोणतेही असू द्या, आम्ही तुमच्याबरोबरच येणार,” असे त्यांनी कळवले आणि आपल्या मैत्रिणींचा गटही जमवला. चालक-भागीदारांनी नातेवाइकांचे जुने दगडी घर मिळवून दिले. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात 1923 मध्ये ठरलेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीमुळे ओस पडलेल्या, याच खोऱ्यातल्या कायाकोय गावाच्या छपरे नसलेल्या घरांमधून बाईंनीच त्या गटाला फिरवले. आमच्या कोणत्याही मार्गदर्शकाने तो इतिहास इतक्या तळमळीने सांगितलेला मला आठवत नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो : चालकाचे पैसे त्याच संध्याकाळी चुकते करा, व्हिल्याचा करार किमान दोन हंगामांचा करा आणि वेळापत्रक छापून वाटू नका. पाताऱ्याचा किनारा कासवांच्या विणीसाठी रात्री बंद असतो, तेव्हा सूर्यास्तानंतर रेंगाळण्याचे आश्वासन कोणालाही देऊ नका.

मे 2025 मधील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यानंतर भारतातून होणारे बुकिंग जवळजवळ थांबले. सध्या आमच्याकडे मुख्यतः ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे येतात. ती थेट दालामान विमानतळावर उतरतात आणि आमचे तेच चालक त्यांना घ्यायला जातात.