पिसांका: आधी मेण, मग रंग

आजचा दिवस युक्रेनमधल्या कोलोमिया शहरात, स्वयंसेवकांबरोबर पिसांका, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेली अंडी, तयार करण्यात गेला. युक्रेनची ही कला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, आणि तो मान तिला शोभतोच.

पांढरं कच्चं अंडं व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्यायचं. बोटांचं तेल राहिलं तर तिथे रंग धरत नाही. पिसाचोकची, म्हणजे मेणाने रेघा ओढायच्या लेखणीची, धातूची चोच मेणबत्तीवर तापवून मधमाश्यांच्या मेणाने रेघ ओढायची. हात स्थिर, अंडं फिरतं. चोच फार तापली की मेणाचा थेंब पडतो, खरवडला तरी खूण राहते. पांढरं राखायचं तिथे मेण, मग पिवळ्यात बुडवायचं. पिवळं राखायचं तिथे मेण, मग लाल, शेवटी काळा. मेण काढताना अंडं ज्योतीच्या बाजूला धरा. वर धरलंत तर काजळी बसते.