तेल, टॉवेल आणि तबकडी

आमच्या अप्पांचं शास्त्र सोपं होतं: आवाज आला की तेल घाल. बिजागरी, सायकल, शिलाई मशीन, सगळ्यांना एकच औषध. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याचा जन्म गेला, त्याला दुसरं काय सुचणार? म्हणून अभंगांच्या एलपीतून, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीतून, खरखर यायला लागली तेव्हा त्यांनी मशीनचं तेल कापसाच्या बोळ्यावर घेतलं आणि तबकडीवर गोल गोल फिरवलं.

पहिल्या दिवशी ती खरंच गप्प झाली. अप्पा दिवसभर खुशीत. आठवड्यानं मात्र खाचांत काळा राप बसला, सुईच्या टोकाला कापसाच्या तुसांची शेंडी लोंबायला लागली आणि टाळ-मृदंग रजईखालून ऐकू यावेत तसे येऊ लागले.

चूक तेलाची नव्हती, निदानाची होती. मागात लोखंडावर लोखंड घासतं, तिथे तेल हवंच. तबकडीवर वाजते ती मुख्यतः धूळ. सुई प्रत्येक कणावर ठेचकाळते आणि आपल्याला 'टिक' ऐकू येते. त्यात तबकडी ज्या प्लॅस्टिकची असते त्या व्हिनाइलमधून वीज वाहून जात नाही. आमच्या कोरड्या हवेत कव्हरातून काढताकाढताच तबकडी विजेनं भारते आणि धूळ ओढून घेते. ओलं तेल त्या धुळीला कायमचं घर देतं. खाच झिजली असेल तर मग काहीच उपाय नाही, ती झीजच वाजते.

तरी अप्पा अगदीच एकटे नव्हते. अमेरिकेत १९७० च्या दशकात 'साउंड गार्ड' नावाचं रेकॉर्डवर फवारायचं वंगण निघालं होतं. काढणारी बॉल कंपनी काचेच्या बरण्यांसाठी प्रसिद्ध, पण तिचा अंतराळयानांची उपकरणं बनवण्याचाही धंदा होता, वंगणाची विद्या तिथली. फवारून, पुसून मागे फक्त कोरडा, पातळ थर राहायचा. अप्पांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, "बघ, तेल शेवटी आकाशात पोचलंच की बे!"

काही शौकीन तबकडी ओली करूनच वाजवतात. ओली असेतो आवाज स्वच्छ, पण वाळली की राहिलेला गाळ वाजतो, म्हणून मग दर वेळी ओली करा. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी. ते रेकॉर्डला पाजलं तर आई मला घराबाहेर काढेल, आणि त्यातल्या क्षारांचा थर बसेल तो वेगळाच.

शेवटी मीही एक कोरडा फवारा मागवला. 'अ' बाजूला मारला, 'ब' तशीच ठेवली. 'अ' थोडी शांत वाटली, मग पुन्हा टिकटिक. दोन दिवस फवाऱ्याला शिव्या घातल्यावर हातातल्या फडक्याकडे लक्ष गेलं. सोलापुरी टेरी टॉवेल, कोरा करकरीत, आपल्याच गल्लीतला. पुसण्याच्या नावाखाली मी तबकडीवर तुसं पेरत होतो.

आईला दोन्ही बाजू ऐकवल्या. "कुठली बरी?" तिनं क्षणभर कान दिला. "ते राहू दे. मागचं दार किती कुरकुरतंय. अप्पांची कुपी कुठं ठेवलीयस?"