घरच्या गॅसवरचा वॉक

आमच्याकडे रविवारी चायनीजची फर्माईश ठरलेली. नॉनस्टिकच्या कढईत मोठी आच द्यायची तर कोटिंगची धास्ती, ते 260 अंशांच्या वर तापवू नये म्हणतात. बारीक आचेवर कोबीला पाणी सुटतं आणि नूडल्सचा गिचका होतो. मुलं मग गाडीवरच्या चवीची आठवण काढतात. शेवटी वॉक, म्हणजे चायनीज परतायची लांब दांड्याची खोलगट कढई, घ्यायचं ठरवलं; तोही कार्बन स्टीलचा, म्हणजे कोटिंग नसलेल्या लोखंडी पत्र्याचा.

आमच्या सोलापुरातल्या मधल्या मारुतीच्या बाजारात लोखंडी कढया आणि भाकरीचे तवे हवे तेवढे मिळाले, पण पातळ पत्र्याचा, लांब दांड्याचा वॉक काही दिसला नाही. मग ऑनलाइन मागवला. परदेशातले लोक सपाट बुडाचाच घ्या म्हणून सांगतात, ते मुख्यतः विजेच्या शेगडीसाठी. आपल्या गॅसच्या जाळीवर गोल बुडाची कढई बसतेच की! तरीही मी सपाट बुडाचा 12 इंची घेतला, कारण दांड्याच्या वजनाने गोल बुडाचा रिकामा वॉक कलंडतो आणि मला एका हाताने उलथणं चालवायचं होतं.

नव्या वॉकला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा किंवा लाखेसारखा थर देऊन पाठवतात. तो काढल्याशिवाय स्वयंपाक करायचा नाही. तारेची घासणी, भांड्याचा साबण, गरम पाणी, आणि मनगट दुखेस्तोवर घासणं. हे काम मी मुद्दाम थंडीत काढलं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 43-44 ला जातो, तेव्हा मोठ्या आचेसमोर कोण उभं राहणार?

मग खिडक्या उघडून वॉक रिकामाच तापवला. करड्या पत्र्यावर आधी पिवळसर डाग उमटला, तो तपकिरी झाला, मग जांभळा, निळा. वॉक फिरवत गेले तसा तो निळा पट्टा काठाकडे सरकत गेला. धूर बघून सासूबाई आल्या, "काय करायलीस गं? नवं भांडं जाळायलीस का?" म्हटलं, "आई, तुमच्या बिडाच्या तव्याला तेल पाजत होता ना, तेच चाललंय." त्यावर त्यांनी स्वतःच जुन्या धोतराचा तुकडा आणून दिला. शेंगतेलाचे थेंब टाकून पुसायचं, इतकं की तेल लावलंय असं वाटूच नये. धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचं, निवलं की पुन्हा. तापलेलं तेल लोखंडावर कडक होऊन बसतं, तोच चिकटू न देणारा थर. तेल जास्त झालं की थर चिकट राहतो.

खरा धडा आचेचा. घरचा मोठा बर्नर साधारण 2 ते 3 किलोवॅटचा, हॉटेलातल्या भट्टीची आच त्याच्या कित्येक पट. तिथला आचारी पाच प्लेटा एकदम परततो, ते बघून आपण भाजीचा ढीग टाकला की वॉक गार पडतो आणि परतण्याऐवजी भाजी शिजते. म्हणून एका वेळी एकाच माणसापुरतं. वॉक इतका तापवायचा की पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा गरगर फिरावा. मग तेल, लसूण, आणि धुऊन पूर्ण कोरडी केलेली भाजी. भात आदल्या रात्रीचा, मोकळा. व्हिनेगर आणि सॉस अगदी शेवटी, कडेने. बाकीच्यांना ताट घेऊन थांबावं लागतं, त्याला इलाज नाही.

धुणं मला सगळ्यात आवडलं. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे थोड्या गरम पाण्यात, साबणाशिवाय होणारं भांडं म्हणजे सोयच. फक्त लगेच गॅसवर कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा. ओला ठेवला तर सकाळी गंज दिसलाच म्हणून समजा.

आता चायनीजपेक्षा आमच्या घरचंच त्यात जास्त होतं. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकला की कडेने कुरकुरीत होतो. चटणीचे शेंगदाणे मंद आचेवर भाजायलाही तोच, खोलगट असल्याने दाणे उडून बाहेर पडत नाहीत. चिंच-टोमॅटोचं मात्र काही त्यात करत नाही. आंबटाने तो थर निघतो, त्यामुळे आमटी अजून स्टीलच्या पातेल्यातच.