उत्तरेची जंगलं उन्हाळ्यात नाही, बर्फात बघायची

गेल्या नोंदीत मी लिहिलं होतं की रशियातल्या याकुतियात, लेना नदीच्या पूर्वेला, जंगलाचा एक मोठा पट्टा नुकताच जळालेला सापडला. ते चुकीचं होतं. तिथे आग लागलीच नव्हती. आधी ती चूक नीट सांगते, कारण या वर्षभराचं सगळं काम तिच्यातूनच निघालं.

मी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची दोन चित्रं घेतली होती, एक जुलैमधलं आणि एक सप्टेंबरच्या अखेरचं. दोन्हींवर एनबीआर, म्हणजे जळालेली जमीन ओळखायचा एक आकडा, काढला. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. जिवंत पानं जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतात, आणि त्यांच्यात पाणी असल्यामुळे लघुतरंग अवरक्त प्रकाश शोषून घेतात. जळालेल्या जमिनीचं नेमकं उलट असतं. या दोन बँडची, म्हणजे प्रकाशाच्या पट्ट्यांची, वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे एनबीआर. आधीच्या आकड्यातून नंतरचा वजा केला की जळालेला भाग उठून दिसतो. माझ्या नकाशावर तो इतका ठळक उठला की मी लगेच सीमा आखून मोकळी झाले.

मग उपग्रहांना दिसलेल्या आगी दाखवणाऱ्या नासाच्या फर्म्स नकाशावर तारखा लावून पाहिल्या. त्या अडीच महिन्यांत तिथे आगीचा एकही ठिपका नव्हता. त्यातल्या व्हीआयआयआरएस उपकरणाचा पिक्सेल ३७५ मीटरचा, आणि इतक्या उत्तरेला उपग्रहाच्या फेऱ्या दिवसातून कितीतरी वेळा होतात. आठवडाभर पेटलेलं जंगल त्यातून निसटणं शक्यच नव्हतं. दोन दिवस मी बँडचे क्रमांक, ढगाळ पिक्सेल वगळणारा मुखवटा, सगळं पुन्हा पुन्हा तपासत बसले. शेवटी साध्या रंगातलं चित्र उघडलं तर उत्तर समोरच होतं. पट्ट्याच्या दक्षिणेकडची किनार सोनेरी पिवळी होती.

लार्च! पूर्व सायबेरियाचं जंगल म्हणजे मुख्यतः लार्चचं जंगल. हे झाड सूचिपर्णी आहे, पण पानझडी. शरद आला की त्याच्या सुया पिवळ्या पडतात आणि झाडून सगळ्या गळतात. मी जुलैचं भरलेलं झाड आणि सप्टेंबरचं उघडं झाड एकमेकांतून वजा केलं आणि पानगळीला आग समजले. तेव्हापासून एक नियम पाळते: तुलना करायची ती वेगवेगळ्या वर्षांतल्या एकाच पंधरवड्याची, त्याच वर्षातल्या दोन ऋतूंची नाही.

पण या चुकीने एक गोष्ट डोक्यात बसली. पानगळ जर चित्रात इतकी स्पष्ट दिसते, तर जिथे मूळ झाड सदाहरित आहे तिथे हीच गोष्ट कामाला लावता येईल. जमिनीवर बर्फ असताना सदाहरित झाड काळपट दिसणार आणि पानझडी झाड जवळजवळ अदृश्य होऊन खालचं पांढरं दाखवणार. लार्चच्या मुलखात ही युक्ती चालत नाही. अलास्कात आणि कॅनडाच्या बऱ्याच भागात चालते.

म्हणून मी अलास्काला गेले, अर्थात पडद्यावरून. २००४ साली तिथे सुमारे ६६ लाख एकर, म्हणजे २७ लाख हेक्टरांच्या आसपास जंगल जळालं. त्या राज्याच्या नोंदींत याहून मोठं आगीचं वर्ष नाही. त्यातली बाउंडरी आग फेअरबँक्सच्या ईशान्येला लागली होती आणि एकटीने दोन लाख हेक्टरांहून जास्त जंगल खाल्लं. आगीची ही खूण, म्हणजे जळालेला पट्टा, निवडायचं कारण व्यवहारी आहे. आग जुनी असल्यामुळे परत काय उगवलं ते आता दिसतं, आणि स्टीस हायवे त्या भागातून जात असल्यामुळे रस्त्यालगतचे फोटो पडताळणीला मिळतात.

आधी जुलैची मालिका लावली, दर वर्षीचं एक चित्र. सुरुवातीची वर्षं तपकिरी, मग फिकट हिरवी, मग चांगली गडद हिरवी. पुढे तर जळालेला भाग शेजारच्या न जळालेल्या जंगलापेक्षाही हिरवा दिसायला लागला. माझ्या वहीत त्या दिवशीची ओळ आहे: ‘जंगल परतलं.’ ती ओळ खोडलेली नाही, तिच्याशेजारी नंतरची तारीख घालून दुसरी लिहिली आहे.

ती दुसरी ओळ एप्रिलच्या चित्राने लिहायला लावली. लँडसॅट-७ या अमेरिकी उपग्रहाच्या आगीआधीच्या चित्रात टेकड्यांवर काळ्या लोकरीचं कांबळं अंथरल्यासारखं दिसतं. नदीकाठ आणि दक्षिणेकडे तोंड केलेले उतार तेवढे फिकट. आताच्या चित्रात त्या कांबळ्याला प्रचंड भोक पडलंय. खुणेच्या आत पांढरं, नुसतं पांढरं नाही तर करडी झाक असलेलं पांढरं, कारण तिथे हजारो बारीक उघडे बुंधे उभे आहेत. मध्ये मध्ये न जळता वाचलेल्या स्प्रूस या सदाहरित सूचिपर्णी झाडाची काळी बेटं. आणि खुणेची कड अजूनही इतकी धारदार की पेन्सिलीने गिरवावी. जुलैच्या चित्रात जी कड केव्हाच पुसली गेली होती, ती एप्रिलमध्ये वीस वर्षांनंतरही जशीच्या तशी आहे.

म्हणजे हिरवं झालं ते खरं, पण तेच जंगल परतलेलं नाही. बऱ्याच जागी ब्लॅक स्प्रूसच्या ठिकाणी अॅस्पेन आणि बर्च ही पानझडी झाडं आलीत. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद.

असं का होतं हे समजून घ्यायला मी बरेच दिवस घेतले, आणि मला वाटतं या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. ब्लॅक स्प्रूस हे आगीला घाबरणारं झाड नाही, उलट आगीवर विसंबलेलं झाड आहे. त्याचे लहान लहान शंकू शेंड्याजवळ गच्च झुबक्यात असतात, पूर्ण उघडत नाहीत, वर्षानुवर्षं बी धरून ठेवतात. आगीची धग लागली की राळ सुटते, खवले उघडतात आणि जळालेल्या उभ्या झाडावरून पुढची काही वर्षं बी खाली पडत राहतं. अलास्काच्या अंतर्भागात अशी आग एका जागी साधारण शंभर वर्षांनी यायची, झाड मरायचं, त्याचीच पोरं त्या जागी उभी राहायची. हजारो वर्षं हे चक्र चाललंय.

चक्र मोडतं ते खालून. या झाडाखाली शेवाळाची आणि अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याची जाड गादी असते. वर्षभर थंड आणि ओली. पूर्वीच्या आगी या गादीचा वरचा थर जाळून पुढे निघून जायच्या. उन्हाळा लांबला आणि तापला की गादी खोलवर वाळते, मग आग तिच्यात उतरते आणि खालची खनिज माती उघडी पाडते. अॅस्पेन आणि बर्चचं बी धुळीसारखं बारीक असतं, वाऱ्यावर लांब जातं. जाड गादीत त्या बियाण्याचा निभाव लागत नाही, पण उघड्या मातीवर ते झपाट्याने रुजतं आणि हळू वाढणाऱ्या स्प्रूसला मागे टाकतं. दुसरी गोष्ट दोन आगींमधल्या काळाची. तरुण स्प्रूसकडे बियांचा पुरेसा साठा व्हायला काही दशकं लागतात. त्याच्या आतच पुन्हा आग आली तर द्यायला बी नसतं.

यात दिलासा शोधणारे भेटतात, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. परिसंस्थांच्या अभ्यासक मिशेल मॅक यांच्या गटाने २००४ मध्ये जळालेल्या अलास्कातल्या जागांचा पाठपुरावा केला आणि २०२१ साली निष्कर्ष मांडले. जिथे पानझडी झाडं आली तिथे कार्बन स्प्रूसपेक्षा कितीतरी वेगाने साठतोय, आगीत गेलेला भरून निघू शकतो. पानझडी जंगल सहज पेटतही नाही. शिवाय माझ्या एप्रिलच्या चित्रातला तो पांढरेपणा म्हणजे परत फेकला जाणारा सूर्यप्रकाश, तोही थंडावा देणारा.

मला हे मान्य आहे, तरी मी त्यावर निवांत होऊ शकत नाही. शेवाळाची गादी पर्माफ्रॉस्टचं पांघरूण आहे. ती गेली की खालची वर्षानुवर्षं गोठलेली जमीन वितळायला लागते, आणि त्या जमिनीतला कार्बन झाडांतल्या कार्बनपेक्षा फार जुना आणि फार जास्त. बर्चची पडलेली पानं नवं शेवाळ धरू देत नाहीत, म्हणजे पांघरूण परत विणलं जात नाही. कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतली रेनडियर, हिवाळ्यात जी दगडफुलासारखी लायकेन खातात ती जुन्या स्प्रूसच्या जंगलात वाढते आणि आगीनंतर परतायला अनेक दशकं घेते. कार्बनच्या वहीत जमा दिसणारं जंगल कॅरिबूसाठी रिकामंच असू शकतं.

आता कामातल्या अडचणी, कारण कुणी हे करून बघणार असेल तर त्याचा वेळ वाचावा.

पहिली अडचण ताज्या बर्फाची. नुकतं पडलेलं बर्फ फांद्यांवर बसतं आणि स्प्रूसही पांढरा दिसतो. माझी मार्च महिन्यातली दोन चित्रं याच कारणाने बाद झाली. बर्फ पडून काही दिवस गेलेले, वारा वाहून गेलेला, असं चित्र हवं.

दुसरी फार त्रासदायक, सावलीची. त्या भागात ब्लॅक स्प्रूस आणि पर्माफ्रॉस्ट दोन्ही उत्तरेकडच्या उतारांवर जास्त. वसंतसंपाताच्या सुमाराला तिथे दुपारी बाराचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो. त्यामुळे नेमके तेच उतार सावलीत जातात, आणि सावली आणि स्प्रूस पहिल्या नजरेत सारखेच काळे. एप्रिलच्या मध्यावर सूर्य दहा अंश वर चढलेला असतो, उंचावर बर्फ अजून टिकलेलं असतं आणि पानं फुटायला मे उजाडतो. म्हणून माझी खिडकी आता १० ते २५ एप्रिल एवढीच आहे. तीव्र उतार उंचीच्या नकाशावरून काढून टाकले आहेत. हा प्रश्न पुरता सुटेपर्यंत टक्केवारीचे आकडे देणार नाही. नकाशा मात्र भरवशाचा वाटतोय.

तिसरी, लँडसॅट-७ ची. ३१ मे २००३ नंतरच्या त्याच्या चित्रांत यंत्रणेतल्या बिघाडामुळे तिरक्या काळ्या फटी आहेत. आगीआधीचा पाया त्याच्या आधीच्या एप्रिलमधून घ्या, नाहीतर लँडसॅट-५ वापरा.

हीच युक्ती कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइन बीटलवर लावून पाहिली. हा तांदळाच्या दाण्याएवढा किडा लॉजपोल पाइनच्या सालीखाली शिरतो, झाड पुढच्या वर्षी लाल पडतं आणि मग सुया गाळून करडं उभं राहतं. हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत खाली गेला की सालीखालच्या अळ्या मरायच्या. तशी थंडी विरळ झाली आणि १९९० च्या दशकापासून पुढे त्या प्रांतात सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला त्याने ग्रासलं. बर्फाच्या चित्रात करडी झाडं फिकट दिसतात खरी, पण झाडं तोडून मोकळे केलेले तुकडे आणि मेलेली झाडं मला अजून वेगळी ओळखता येत नाहीत. ते काम सध्या बाजूला ठेवलंय.

बर्फाखाली धुमसणाऱ्या आगी शोधण्यातही अपयशच आलं. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे १.५ कोटी हेक्टर जळालं, आधीच्या कुठल्याही वर्षाच्या दुपटीच्या आसपास. त्यातल्या कित्येक आगी पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरात शिरून हिवाळाभर जिवंत राहिल्या. ब्रिटिश कोलंबियातली डॉनी क्रीकची आग त्यांपैकीच. जानेवारी-फेब्रुवारी २०२४ ची जेवढी निरभ्र चित्रं मिळाली ती सगळी पाहिली. धग इतकी मंद असते की उपग्रहाच्या उष्णतेच्या बँडला ती जाणवतच नाही, निदान माझ्या हाती काही लागलं नाही.

पुढचं काम ठरलं आहे. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात २०१४ सालीही मोठ्या आगी झाल्या होत्या, आणि २०२३ मध्ये तिथलं यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं. दोन्ही वर्षांच्या आगींच्या सीमा सरकारी नकाशांतून उतरवून घेतल्या आहेत. त्या एकमेकींवर ठेवायच्या आणि जिथे नऊ वर्षांत दोनदा जळालं तेवढेच तुकडे कापून घ्यायचे. तिथल्या रोपट्यांनी अजून शंकूही धरले नसतील. अशा तुकड्यांवरून एप्रिलची चित्रं लावायला घेतली आहेत. ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या उत्तरेचं माझं २०२५ चं चित्र अर्धं ढगाखाली गेलंय, तेव्हा कुणाकडे त्याच पंधरवड्याचं निरभ्र चित्र असेल तर तारीख आणि टाइल (चित्राच्या चौकोनाचा) क्रमांक तेवढा कळवा, बाकी मी उतरवून घेईन.