मेणाने बुजवलेलं भोक

नववीत असताना विज्ञानाच्या बाईंनी टेबलावर काचेची हंडी आणून ठेवली, तो तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. वरच्या बुचातून दोन फाटे फुटलेली नळी आत सोडलेली, दोन्ही फाट्यांना एकेक फुगा, आणि हंडीचं खालचं तोंड ताणलेल्या रबराने बंद केलेलं. रबराला मधोमध दोरा. बाईंनी दोरा हळूच खाली ओढला आणि मरगळून लटकणारे फुगे फुगले.

"हवा कोणी भरली?"

"तुम्ही," आम्ही एका सुरात म्हणालो.

"मी फक्त जागा केली. हवा आपली आपण आली."

बॉइलचा नियम आमचा पाठ होता. तापमान तेच राहिलं तर आकारमान वाढलं की दाब कमी होतो, साल १६६२. पण तो आपल्याच छातीत मिनिटाला बारा-पंधरा वेळा घडतोय, हे त्या दिवशी कळलं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, हंडीच्या रबरासारखं खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, पोकळी वाढते. बाहेर पाऱ्याचा ७६० मिलिमीटर दाब असेल, तर आत ७५९. शांत श्वासात एवढ्याशा फरकावर अर्धा लिटर हवा आत येते! त्यातली दीडशे मिलिलिटर तर वाटेतच, नाक-घसा-नळ्यांमध्ये राहते.

मग बाईंनी पुस्तकात नसलेली गोष्ट केली. बुचाला आणखी एक बारीक भोक होतं, मेणाने बुजवलेलं. टाचणीने त्यांनी ते मेण उकरून काढलं आणि पुन्हा दोरा ओढला. फुगे फुगेनात. हवा त्या भोकातून आत येऊन फुग्यांच्या भोवतीच जमत होती.

मी आता भूलतज्ज्ञ आहे. शिकत असताना धाप लागलेला एक तरुण आला. एक्स-रेमध्ये त्याचं एका बाजूचं फुप्फुस आकसून मुठीएवढं झालेलं, भोवती नुसती हवा. वरिष्ठांनी दोन बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली धरलं. तो खोकला की बुडबुडे यायचे. मी त्या बाटलीकडे बघत उभी होते आणि डोळ्यांसमोर बाईंची टाचणी होती.

श्वासनलिका शिकवताना बाईंनी सगळ्यांना गळ्याच्या खळगीच्या जरा वर बोट ठेवायला लावलं होतं. त्या कड्या आजही मी रोज चाचपते. सोळा ते वीस कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक कड्या, पण पूर्ण गोल नाहीत, मागून उघड्या; तिथेच अन्ननलिका टेकलेली असते. सगळी लांबी दहा-बारा सेंटीमीटर. पुढे दोन फाटे, त्यातला उजवा जास्त रुंद, आखूड आणि सरळ. लहान मुलाने गिळताना चुकून श्वासात ओढलेला मणी बहुतेक वेळा उजवीकडेच का सापडतो, ते यावरून कळतं. भुलीची नळी जरा जास्त आत गेली तर तीही उजवीकडेच शिरते. म्हणून नळी घातल्यावर मी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावते. पडद्यावरचे आकडे ठीक दिसले तरी लावते.

डाल्टनच्या आंशिक दाबाचा नियम, म्हणजे मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला दाब देतो आणि त्यांची बेरीज म्हणजे एकूण दाब, मात्र शाळेत मला रुक्ष वाटला होता. तो पटला तो पाण्याच्या वाफेमुळे. आत येणारी हवा श्वासमार्गात ओली होते आणि ३७ अंशांना त्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो, समुद्रकिनारी असा वा एव्हरेस्टवर. किनाऱ्यावर ७६० मधून ४७ गेले तर जाणवतही नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर एकूण दाबच अडीचशेच्या आसपास, त्यातूनही तेच ४७ वजा. उरलेल्या दोनशेत ऑक्सिजनचा वाटा एकवीस टक्के, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस. ऑक्सिजनची टक्केवारी तीच असूनही तिथे जीव का कासावीस होतो, हे त्या एका वजाबाकीत आहे.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिथली प्रयोगशाळा नवी होते आहे असं ऐकलं. जुनी हंडी कपाटात असेल तर ती टाकू नका. बुचाचं दुसरं भोक बघा, आणि नववीच्या मुलांसमोर ते मेण एकदा काढा.